भिंतीवरची माणसे



लग्न, वास्तुशांती, वर्षीतपाचे पारणे किंवा आईवडिलांच्या विवाहाची पन्नाशी, निमित्त कोणतेही असो, भेट काय द्यावी यावर घरात आठवडाभर खल होतो आणि शेवटी काचेच्या पेल्यांचा संच आणला जातो. असा एखादा संच वेष्टनही न फाडता चार घरांच्या समारंभांना हजेरी लावून येतो, हे आपण सारेच जाणतो. त्याऐवजी कुटुंबाच्या छायाचित्रांचा एक भित्तिफलक स्वतः तयार करून द्यावा, असे मी यंदा सुचवते. मिठाईच्या एका मोठ्या डब्याच्या खर्चात तो होतो. वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ कोठे द्यावा हेच आज लिहायचे आहे.

सामान्यांच्या भिंतींवर स्वस्त रंगीत चित्र आले त्यात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचा वाटा मोठा. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना देवादिकांची चित्रे घरोघरी घेऊन गेला. माणसांची छायाचित्रे भिंतीवर हळूहळू आली, तीही बहुधा माणूस गेल्यावर, चंदनाच्या हारासह. जिवंत माणसाला भिंतीवर जागा देण्यास आपण अजूनही संकोचतो. स्त्रियांच्या वाट्याला तर तीही कमीच. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावातले एखादे जुने समूहचित्र डोळ्यांसमोर आणावे: पुरुष खुर्च्यांवर, मुले सतरंजीवर, आणि स्त्रिया असल्याच तर मागच्या रांगेत, पदर नाकापर्यंत ओढलेला. कित्येक आज्यांचे स्वतंत्र छायाचित्र म्हणाल तर मतदार ओळखपत्रावरचे तेवढेच.

म्हणून फलकाची जुळवाजुळव जुन्या पेटीपासून करावी, पण तेथेच थांबू नये. मुगाचे पापड लाटणारे हात, दुकानाच्या गादीवर वही घेऊन बसलेले आजोबा, अंगणात धान्य निवडणाऱ्या दोघी जावा, अशी आजची छायाचित्रेही घ्यावीत. सामायिक चालू असताना मात्र कॅमेरा दूर ठेवावा. ती अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांची आहेत. साधू-साध्वीजींची छायाचित्रे कौटुंबिक फलकात मिसळू नयेत, असेही मला वाटते.

जुने मूळ छायाचित्र कधीही कापू वा चिकटवू नये, त्याची प्रत काढावी. खिडकीपाशी, पण थेट ऊन नसेल अशा जागी ते सपाट ठेवून भ्रमणध्वनी अगदी समांतर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. चौकटीतील छायाचित्र काचेला चिकटले असेल तर ओढून काढण्याचा मोह टाळावा. वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच प्रत घ्यावी, आणि मागे काळे कापड धरून कोणी उभे राहिले की काचेतले प्रतिबिंब बरेच कमी होते. ४ × ६ इंचांची स्वच्छ प्रत हवी असेल तर चित्र किमान १२०० × १८०० पिक्सेलचे असावे. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेले चित्र आक्रसून जाते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे.

आता साहित्य. येथे आपल्या घरांनी थोडे थांबून विचार करावा अशी एक गोष्ट आहे. रंगीत लॅबमध्ये छायाचित्राच्या खास कागदावर जी प्रत धुऊन निघते, तिच्यावरील चित्राचा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून होते. एकोणिसाव्या शतकात तर अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर छायाचित्रे छापत. काही चकचकीत इंकजेट कागदांवरही जिलेटिनचा लेप असतो. ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी साध्या जाड कागदावर लेझर प्रिंट काढावी. झळाळी थोडी कमी येते, पण कृष्णधवल चित्रे त्यावर फार शोभतात. कोणी काय करावे हे ज्याच्या त्याच्या व्रतनियमांवर आहे, तरी माहिती असलेली बरी.

चिकटवण्याचाही असाच प्रश्न. सुतारांचा जुना सरस जनावरांच्या अवयवांपासूनच होत असे. १९५९ साली बाजारात आलेला फेव्हिकॉल कृत्रिम रेझिनचा आहे. घरची कणकेची खळ वरकरणी अधिक निर्दोष वाटते. पण पिठाच्या वासावर कसर आणि झुरळे येतात, मग औषध फवारण्याची पाळी येते. जयणेच्या दृष्टीने मला खळीपेक्षा फेव्हिकॉलच बरा वाटतो. तो पातळ हात देऊन लावावा, वर स्वच्छ कागद ठेवून मधून कडेकडे हाताने दाबावे आणि रात्रभर वह्यांच्या वजनाखाली ठेवावे. सेलोटेप नको, काही वर्षांत ती पिवळी पडून डाग सोडते.

पाठीसाठी दीड ते दोन फुटांचा प्लायवूडचा तुकडा पुरेसा होतो. लहान फलकासाठी लग्नपत्रिकांच्या जाड खोक्यांचा पुठ्ठा उत्तम, आणि तो प्रत्येक घरी माळ्यावर पडलेला असतो. ज्यावर नवकार मंत्र किंवा तीर्थंकरांचे चित्र असेल तो भाग मात्र कात्रीखाली घेऊ नये, आशातना होते. असा पुठ्ठा कालांतराने छायाचित्र पिवळे पाडू शकतो, म्हणून मधे चित्रकलेचा पांढरा कागद चिकटवावा. नऊ चित्रे तीन-तीनच्या ओळीत, मधे बोटभर जागा सोडून, आधी नुसती मांडून पाहावीत. मधोमध कोण, यावरून घरात वाद होणारच. माझे मत विचाराल तर ज्यांचे छायाचित्र आजवर भिंतीवर नव्हते, त्यांना मधली जागा द्यावी.

फलक समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये. मराठवाड्यातील उन्हाळा रंग लवकर उडवतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नकोच. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावल्या की हवा खेळते आणि वाळवीला आसरा मिळत नाही.

सर्वांत शेवटी पाठीमागे एक कागद चिकटवावा. त्यावर पुढच्यासारखेच नऊ चौकोन आखून प्रत्येकात नाव, नाते, गाव आणि साल लिहावे. सुनांची माहेरची नावेही लिहावीत. ती सर्वांत आधी विसरली जातात. ही माहिती घेण्यासाठी घरातील सर्वांत ज्येष्ठ बाईंकडे बसावे लागेल. दुपारची वेळ बरी. वही सोबत न्यावी आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत, कारण नऊ छायाचित्रे एका बैठकीत सांगून होत नाहीत.