कुलूपबंद बंगला आणि ओटीवरचं अंथरूण

माझे बाबा एका बंगल्याचे राखणदार आहेत. कर्जत-मुरबाड रस्त्यापासून थोडं आत, शेतांच्या मधोमध तो बंगला आहे. चार बेडरूम, पोहायचा तलाव, हिरवळ. मालक मुंबईला असतात. गेल्या वर्षी ते किती वेळा मुक्कामाला आले, असं मी बाबांना विचारलं. बाबांनी बोटं मोजली. म्हणाले, "अकरा रात्री."

आमचं घर गावठाणात आहे. दोन खोल्या, सहा माणसं. दादाचं लग्न झाल्यापासून मी ओटीवर अंथरूण टाकतो. पावसाची झड आत आली की अंथरूण गुंडाळून आजीच्या पायाशी सरकतो. आता वहिनीला दिवस गेलेत, म्हणून दादा वांगणीला भाड्याची खोली बघतोय. गावात त्याला खोली मिळत नाही. बंगले मात्र इतके झालेत, की रात्री टेकडीवरून बघितलं तर गेटवरचे दिवे तेवढे दिसतात. खिडकीत उजेड नसतो.

हे फक्त बंगल्यांचं नाही. नेरळला, कर्जतला, खोपोलीला स्टेशनच्या आसपास नव्या इमारती बघा. पनवेल-कर्जत लोकल येणार म्हणून फ्लॅट विकले जातात, घेणारा भाव वाढायची वाट बघत कुलूप लावून जातो. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २ कोटी ४७ लाख घरं रिकामी निघाली होती. त्यातली १ कोटी ११ लाख शहरांत. म्हणजे घरं कमी पडतात हे अर्धंच खरं आहे. घरं आहेत, चाव्या दुसरीकडे आहेत.

मी असं बोललो की तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं, "जमिनी तुमच्याच लोकांनी विकल्या ना?" हो, विकल्या. माझ्या आजोबांनीही विकली. आत्याचं लग्न आणि दवाखाना, दोन्ही त्यात निघालं. पण आजोबांनी शेत विकलं, गावात राहायचा आमचा हक्क विकला नव्हता.

दुसरं, "बंगल्यांमुळे रोजगार मिळतो." मिळतो. बाबांच्या पगारावरच मी शिकलो, ते नाकारणार नाही. पण त्या शेतात भात लावायला, कापायला किती हात लागायचे? आता एक राखणदार आणि आठवड्यातून एकदा येणारा माळी. मे महिन्यात बोअर लावून तलाव भरला जातो आणि पलीकडच्या वाडीतल्या बाया टँकरसाठी हंडे रांगेत लावतात. या रोजगाराची किंमत त्या बायांना कुणी विचारली नाही.

तिसरं, "भाड्याने दिलं तर भाडेकरू घर सोडत नाही." ही भीती जुन्या पागडीच्या काळातली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जो जागा सोडत नाही, त्याच्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट रक्कम वसूल करता येते. करार मात्र नोंदवलेला हवा. म्हणजे मालकाला कायद्याचं संरक्षण आहे. भाड्याची गरज नाही, एवढंच खरं कारण आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराच्या कुशीतली ठाकरवाडी गाडली गेली. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ लोखंडी कंटेनरमध्ये ठेवलं. त्यांची पक्की घरं बांधायचं काम नंतर सिडकोकडे आलं. कुणाचा बंगला ताब्यात घ्या, असं मी म्हणत नाही. पण ज्या तालुक्यात इतकी छपरं रिकामी आहेत, तिथे माणसांना कंटेनरमध्ये दिवस काढावे लागले, याची कुणालाच लाज वाटली नाही का? कातकऱ्यांचं तर त्याहून वाईट. पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कितीतरी वाड्यांखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाने आहे. जमिनीला भाव आला की वाडीभोवती कुंपण पडतं. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं 'फायटिंग इव्हिक्शन' हे पुस्तक याच विषयावर आहे.

मग करायचं काय? जग हात जोडून बसलेलं नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात वर्षातून सहा महिन्यांपेक्षा जास्त रिकाम्या राहणाऱ्या घरावर २०१७ पासून वेगळा कर आहे. तो १ टक्क्यापासून सुरू झाला, पुढे घराच्या किमतीच्या ३ टक्क्यांवर नेला. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक कौन्सिलला दुसऱ्या घरावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. आपल्याकडे घरपट्टीचे नियम राज्य सरकार ठरवतं, म्हणून मागणी तिथेच करायला हवी. रिकाम्या घराला जादा घरपट्टी, नोंदवलेल्या कराराने भाड्याने दिलं तर सवलत. त्या पैशातून गावठाण विस्तार, आणि वाड्यांची जमीन वाडीच्या नावावर.

त्याआधी यादी लागेल, आणि ती आपणच करू शकतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: गावातल्या बंद घरांची मोजणी करा. वीजबिलाचे आकडे शून्याजवळ असलेली घरं कुठली, हे राखणदारांना तोंडपाठ आहे. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "माझी नोकरी जाईल रे." जाऊ शकते. म्हणून या लेखात बंगल्याचं नाव नाही, गावाचंही नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी कर्जतचा एखादा फ्लॅट असेल, 'गुंतवणूक' म्हणून घेतलेला. आज रात्री जेवताना विचारा, शेवटचं कुलूप कधी उघडलं होतं? आणि भाड्याने का देत नाही?

दादाने टेम्पो रविवारचा ठरवलाय. त्या दिवशी बंगल्यावर मालक येणार आहेत, म्हणून बाबांना सुट्टी नाही.