पगारात न मावणारी खोली : मुंबईच्या घरभाड्याचा शंभर वर्षांचा हिशेब (धागा)

१/ ‘भाडे परवडत नसेल तर मुंबईत राहू नये’ हा उपदेश हल्ली सढळ हाताने वाटला जातो. त्याच्या जोडीला दुसरा असतोच : ‘आमच्या आजोबांनी चाळीत संसार केलेच ना?’ इतिहासाच्या कसोटीवर हे दोन्ही उपदेश टिकत नाहीत.

२/ प्रथम आकडे. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कार्यालयाने श्रमिक कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. दर १०० रुपयांतले ५६.८ अन्नावर, ९.६ कपड्यांवर आणि अवघे ७.७ घरभाड्यावर जात. आज महिना २५,००० रुपये खर्च करणाऱ्या कुटुंबाला हेच प्रमाण लावले, तर भाडे येते १,९२५ रुपये!

३/ मग तेव्हा स्वस्ताई होती काय? मुळीच नाही. त्या पाहणीतली शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. निम्म्याहून अधिक कमाई पोटात गेल्यावर भाड्याला उरणार किती? जेवढे उरे, तेवढ्यात मिळेल ती जागा, एवढाच त्या ७.७ चा अर्थ.

४/ एकट्या मजुराची कथा याहून बिकट. एका खोलीत अनेकांची वळकटी, पाळीपाळीने झोप, जेवण खानावळीत. बायकामुले कोकणात किंवा घाटावर. कुटुंबाच्या निवाऱ्याचा भार गावच्या घराने उचलला, म्हणून गिरणीमालकाला मजुरी कमी ठेवता आली. आजोबांच्या संसाराचे गोडवे गाताना आजी कुठे राहत होती, हेही विचारावे.

५/ ‘घरे बांधा, भाडी आपोआप उतरतील’ हा उपायही जुनाच. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात विकास खाते (बीडीडी) स्थापन झाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून उभ्या राहिल्या २०७ चाळी, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या.

६/ त्यांतल्याही कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. भाडे मजुरीला जड, बांधणी कोंदट, जागा कामापासून दूर. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग झाला. मजुराला न परवडलेल्या खोल्या सत्याग्रह्यांना फुकट मिळाल्या!

७/ एकीकडे खोलीत दाटीवाटी, दुसरीकडे रिकाम्या खोल्या. हे चित्र जुने झालेले नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईतील रिकाम्या घरांचा आकडा सुमारे ४ लाख ८० हजार दिला होता. तेव्हा, प्रश्न नुसत्या तुटवड्याचा नाही. घर कोणत्या मिळकतीसाठी बांधले जाते, हा खरा प्रश्न आहे.

८/ ‘पण भाडे नियंत्रणानेच वाटोळे केले!’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. दुरुस्त्या थांबल्या, पागडी फोफावली. परंतु त्याच कायद्यामुळे सामान्य पगाराचा माणूस शहराच्या मध्यभागी टिकून राहिला. दोष संरक्षणाचा नाही. संरक्षणाबरोबर नवी भाड्याची घरे बांधली नाहीत, याचा आहे.

९/ आजच्या तरुणाला तर तेही संरक्षण नाही. ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार करणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नव्हे, केवळ परवानाधारक. अकरा महिने संपले की पुन्हा दलाली, पुन्हा अनामत, पुन्हा टेम्पो.

१०/ आणि शेवटचा विरोधाभास. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात मूळ रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत. ती मिळालीच पाहिजेत. तीन पिढ्यांचा तो हक्क आहे. परंतु त्यासरशी सरकारी मालकीच्या हजारो भाड्याच्या खोल्या शहरातून वजा होतात. त्यांच्या जागी उद्याच्या नर्ससाठी, डिलिव्हरी करणाऱ्या मुलासाठी भाड्याचे एक तरी घर येते आहे काय?

११/ सारांश : सामान्य मजुरीत मुंबईचे भाडे बाजाराने कधीच बसवले नाही. ते कधी गावाने बसवले, कधी दाटीने, कधी कायद्याने. आज ते लोकलच्या दाराशी लटकणारा माणूस बसवतो आहे, रोजचे तीन-चार तास देऊन. मिळकतीशी बांधलेली, सरकारी मालकीची भाड्याची घरे मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. १९२० मध्ये परकीय सरकारनेही, भले वाईट रीतीने का होईना, ती जबाबदारी मान्य केली होती. स्वकीयांनी ती नाकारावी काय?

मतभेद जरूर मांडावेत; सोबत पुरावा असावा.