अनुदान कोणाच्या नावे?

सरकारी पैसा शेतावर पोचला की तो शेतकऱ्याला पोचला, अशी एक सोयीची समजूत राज्यकर्त्यांनी करून घेतलेली असते. जेथे जमीन एकाच्या नावे आणि नांगर दुसऱ्याच्या हाती, तेथे ही समजूत किती घातक ठरते, हे अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट या कापूसपिकाच्या जिल्ह्यात १९३४ साली दिसून आले. आज त्या जुन्या प्रकरणाची आठवण करण्यास आम्हांस सबळ कारण आहे.

मंदीच्या त्या काळात कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांच्या आसपास घसरला होता. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा करून, पीक कमी करणाऱ्यास पैसे देण्याचे ठरविले. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांतील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. पुढील दोन हंगामांचे करार झाले ते जमीनमालकांशी. लागवडीबाहेर ठेवलेल्या जमिनीवरील अपेक्षित कापसाबद्दल पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यांपैकी चार मालकाचे, आणि अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्याचा! शिवाय कमी जमिनीवर माणसेही कमीच लागणार. कुळांची संख्या शक्यतो पूर्वीइतकीच ठेवावी, असे कलम करारात होते खरे. पण 'शक्यतो' या शब्दाचे सामर्थ्य कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? देखरेखीच्या स्थानिक समित्यांवरही वर्चस्व मालकांचेच होते. कुटुंबेच्या कुटुंबे खोपटांतून बाहेर काढली गेली. जुलै १९३४ मध्ये त्याच जिल्ह्यातील टायरोन्झा गावाजवळ ११ गोरे व ७ काळे एकत्र बसले आणि त्यांनी कुळांचा संघ स्थापिला. वर्णभेदाच्या त्या मुलखात हे धैर्य सामान्य नव्हे. कृषिखात्यातील काही वकिलांनी त्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला, तेव्हा फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले.

आता आपल्याकडे पाहा. पंतप्रधान किसान सन्मान निधी फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यावर. मध्यस्थ गेला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु पात्रता ठरते ती उताऱ्यावरील मालकीवरून. खंडाने वा अर्धेलीने दुसऱ्याची जमीन कसणारा, बी-खताचे कर्ज काढणारा आणि पाऊस चुकला की बुडणारा माणूस या यादीत नाही. जमिनीचा मालक शहरात दुसरा व्यवसाय करीत असला, तरी अपवादाच्या नियमांत तो बसत नसेल तर हप्ता त्याच्याच खात्यावर जमा होतो.

कसणाऱ्याचे नाव कागदावर का नाही, याचे उत्तरही सरळ आहे. कर्नाटकात १९७४ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनी मिळाल्या आणि जमीन खंडाने देण्यास जवळजवळ बंदी झाली. तो कायदा न्याय्यच होता, असे आमचे मत आहे. पण त्यानंतर जमीन जाईल या धास्तीने मालक कोणाचे नाव लागू देत नाही, आणि सारा व्यवहार तोंडी चालतो. तोंडी व्यवहारास तलाठ्याच्या दफ्तरात जागा नाही.

पुरावा नसता पैसे कोणास द्यावे, असा सरकारचा प्रश्न असेल. तो अगदीच गैरवाजवी नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या कायद्याने कसणाऱ्यास ११ महिन्यांचे पत्रक देण्याची सोय केली; त्याने मालकी हक्क निर्माण होत नाही, पण कर्ज व विमा यांची वाट खुली होते. त्यात उणीव आहे ती मालकाच्या संमतीची. जो नाव लावू देत नाही, तो सही तरी सुखासुखी कशी देईल? म्हणून आमची मागणी अशी की, पीकपाहणीच्या वेळी पिकाबरोबर ते प्रत्यक्ष कोण करतो याचीही नोंद गावापुढे व्हावी, ती मालकी हक्काचा पुरावा मानली जाणार नाही असे कायद्यात स्पष्ट लिहावे, आणि हप्ता त्या नोंदीवरून द्यावा. पुढील पाहणीस निघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तक्त्यात तेवढा एक रकाना वाढविण्यास सरकारला कोणती अडचण आहे?