दिवस गेले म्हणून आतड्याची गोळी बंद?

बाईला दिवस गेले, की घरात पहिला हुकूम सुटतो तो गोळ्या बंद करण्याचा. "पोटातल्या बाळाला गरम पडेल," असं सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी कधी मेडिकलवालाही म्हणतो. मनाने घेतलेल्या डोकेदुखीच्या गोळीबाबत ही काळजी रास्तच आहे. पण जिला आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुना आजार आहे (डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स म्हणतात), तिच्या बाबतीत हा हुकूम घातक ठरतो.

मुळात हा आजार खेड्यात लवकर ओळखूच येत नाही. रक्त पडलं की मूळव्याध, शेंब पडली की आव. त्यातून कशीबशी वाट काढून औषध लागू पडतं, आणि नेमकं गरजेच्या वेळी ते बंद! मग आजार उसळतो. गरोदरपणात तो उसळला तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचं मूल हे धोके वाढतात. गाभण म्हशीला औषध पाजताना आपण पशुवैद्यकाला दहादा विचारतो. सुनेचं औषध मात्र ओट्यावर ठरतं. हे कितपत योग्य?

मेसालामाइन गरोदरपणात चालू ठेवता येते. सल्फासालाझिनही चालते, मात्र त्याने फॉलिक अॅसिड अंगी कमी लागते, म्हणून त्याची मात्रा वाढवावी लागते. उपकेंद्रातली नेहमीची गोळी पुरेल का, हे डॉक्टरांना विचारावे. अॅझाथायोप्रिन आधीपासून मानवत असेल तर सहसा चालू ठेवतात. स्टिरॉइड तर एकदम सोडूच नये. खरा अपवाद मेथोट्रेक्सेटचा. आठवड्यातून एकदा घ्यायचे हे औषध गर्भाला इजा करते. ते किमान ३ महिने आधी सुटले पाहिजे. त्यावर असतानाच दिवस राहिले, तर ते थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हणून सल्ला घ्यायचा तो पाळी चुकल्यावर नव्हे, मूल हवं असं ठरतं तेव्हा. त्याआधी आजार ३ ते ६ महिने शांत असलेला बरा.

आता आशाताई आणि नर्सबाईंसाठी. काहींना इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब ही इंजेक्शनं चालू असतात. तीही सहसा चालू ठेवतात, पण ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने तिथे राहतात. बीसीजी ही जिवंत जंतूंची लस, आणि आपल्याकडे ती जन्मताच टोचतात. आईला इन्फ्लिक्सिमॅब चालू असलेल्या एका बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद २०१० मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झाली आहे. अशा बाळाची बीसीजी निदान ६ महिने लांबवतात. निर्जीव लसी मात्र वेळेवरच द्यायच्या. हे प्रसूतिगृहात कोण सांगणार? बाळंतीण तर गुंगीत असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. वजन होतं, रक्तदाब होतो. तिथेच "आतड्याचा जुना आजार आहे का, औषध कोणतं?" एवढं विचारावं आणि औषधाचं नाव माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावं. त्याला वेगळा जीआर लागत नाही.