विश्लेषण : वापरकर्ते वाढले, तरी लेखकांची कमाई का घटते?

लिहा, मते मिळवा आणि कमवा, असे सांगत २०१६ मध्ये ‘स्टीमिट’ हे ब्लॉकचेनवर चालणारे समाजमाध्यम सुरू झाले. २०१८ मध्ये नोंदणीकृत खाती १० लाखांवर गेली. मात्र गर्दीबरोबर लेखकांची कमाई वाढली नाही. असे का झाले?

बक्षिसाचे पैसे येतात कुठून?

जाहिराती किंवा वर्गणीतून नव्हे. या ब्लॉकचेनवर दर ३ सेकंदांनी एक ब्लॉक आणि त्यासोबत ‘स्टीम’ हे नवे टोकन तयार होते. डिसेंबर २०१६ पासून या चलनवाढीचा दर वर्षाला ९.५ टक्के ठरला, तो हळूहळू कमी होत जाणार होता. नव्या टोकनपैकी ७५ टक्के लेखक आणि मत देणाऱ्यांसाठी, १५ टक्के टोकन गुंतवून ठेवणाऱ्यांसाठी आणि १० टक्के ब्लॉक तयार करणाऱ्यांसाठी होती.

सदस्य वाढल्यावर काय होते?

टोकन किती निघणार हे वेळेवर ठरते, सदस्यसंख्येवर नाही. समजा, रोज १० हजार टोकन वाटायची आहेत. लेखक १ हजार असतील, तर प्रत्येकी सरासरी १० टोकन. लेखक १० हजार झाले, तर एकच. पंगत वाढली, पातेले तेवढेच. कमाई पूर्वीइतकी राहायची, तर टोकनचा भाव दहापट व्हायला हवा.

भाव वाढत नाही का?

सदस्य वाढले की मागणी वाढेल, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. पण त्यासाठी कुणीतरी टोकन विकत घेऊन ठेवावे लागते. कमावण्यासाठी आलेला सदस्य ते विकतो. जानेवारी २०१८ मध्ये कूटचलनांच्या तेजीत स्टीमचा भाव ८ डॉलरच्या आसपास गेला. वर्षअखेरीस तो अर्ध्या डॉलरच्याही खाली होता. खाती मात्र वाढलेलीच होती. त्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ७० टक्क्यांहून अधिक कर्मचारी कमी केले.

वाटा सर्वांना सारखा असतो का?

नाही. ज्याच्याकडे गुंतवलेली टोकन जास्त, त्याच्या मताचे वजन जास्त. नवख्याच्या मताला जवळपास किंमत नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये लेखक आणि मतदार यांचे प्रमाण ७५:२५ वरून ५०:५० झाले. त्याच वेळी बक्षिसांचा हिस्साही ७५ वरून ६५ टक्क्यांवर आला. पातेले मोठे झाले नाही, वाढप्याचा हात बदलला.

मग फरक कशाने पडतो?

यूट्यूबवर मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. प्रेक्षक वाढले की जाहिरातदारांचे पैसेही वाढतात. म्हणून ‘वापरा आणि कमवा’ म्हणणाऱ्या कोणत्याही ॲपबाबत पहिला प्रश्न हाच: पैसे बाहेरच्या ग्राहकाकडून येतात, की उद्या टोकन विकत घेणाऱ्या नव्या सदस्याच्या खिशातून?