‘वॉकेड’ ही पोराची चूक नव्हे

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की राजगड-तोरण्याच्या रांगा समोर येतात. त्या बाजूच्या एका शाळेत चौथीच्या फळ्यावर सहलीची तीन इंग्रजी वाक्यं लिहिली होती: आम्ही तोरणा चढलो, वर विसावलो, चालत परत आलो. एक मुलगा उठला आणि त्याने तिन्ही क्रियापदं ठणठणीत आवाजात वाचली: ‘क्लाइंबेड, रेस्टेड, वॉकेड’. कुणी हसलं नाही. सगळा वर्ग तसंच वाचत होता. स्पेलिंगच्या शेवटी तिन्हींना ईडी (-ed) आहे, पण प्रत्यक्षात या तीन शब्दांचे शेवट तीन तऱ्हेने उच्चारले जातात: क्लाइम्ड, रेस्टिड, वॉक्ट. मुलाने एकच साचा तिघांवर ठोकला, तो एकाला बसला.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज शिक्षक होऊन फळ्यापाशी उभी राहण्याच्या वयाची झाली. ‘वॉकेड’ मात्र जागचा हलला नाही. त्यावर तीन युक्तिवाद नेहमी पुढे येतात.

पहिला असा: ‘खेड्यातल्या पोराला साहेबी उच्चार कशाला? अर्थ कळला की झालं.’ यातलं अर्धं मला मान्य आहे. साहेबी वळण नकोच. आपला ‘र’ आपल्यासारखा राहिला तर काही बिघडत नाही. पण इथे प्रश्न ऐटीचा नाही, ओळखीचा आहे. पुस्तकातला ‘वॉकेड’ पोराला मोबाइलवरच्या गोष्टीत कधीच भेटत नाही. तिथे ‘वॉक्ट’ येतो आणि परक्यासारखा निघून जातो. उलट ऐकलेलं लिहायला सांगितलं, तर तो कानावर विश्वास ठेवून शेवटी टी लिहितो आणि लाल फुली खातो. कानाला एक शब्द आणि डोळ्याला दुसरा, अशी फारकत झाली की वाचन होत नाही, नुसती अक्षरओळख उरते.

दुसरा युक्तिवाद घोकंपट्टीचा: ‘तक्ते पाठ करून घ्या, सगळं बसतं.’ गो-वेन्ट-गॉन घोकावंच लागतं, त्याला इलाज नाही. आपल्याकडेही ‘जा’चं ‘गेला’ आणि ‘ये’चं ‘आला’ कुठल्या नियमात बसतं? पण ईडीने भूतकाळ होणारी क्रियापदं हजारो आहेत आणि त्यांत रोज भर पडते. यादी कुठवर पुरणार? १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना चक्क बनावट क्रियापदं दिली. हा माणूस ‘रिक’ करतो, कालही त्याने तेच केलं, तर काल त्याने काय केलं? मुलं म्हणाली, ‘रिक्ट’. ‘बिंग’चं त्यांनी ‘बिंग्ड’ केलं. हे शब्द जगात कुठे नव्हतेच, तेव्हा पाठ असण्याचा सवालच नव्हता. मुलं अडली ती ‘मॉट’पाशी. ‘मॉटिड’ म्हणायचं सोडून बरीचशी ‘मॉट’वरच थांबली. गंमत पाहा, जिथे त्यांचं अडलं तिथेच आपल्या पोराचं हमखास बरोबर येतं. ती मुलं कानाने शिकली होती, आपली स्पेलिंगने शिकतात.

आणि ते स्पेलिंगही जुन्या काळाचं. पूर्वी इंग्रज हा ‘ई’ खरोखरच उच्चारत. तो बोलण्यातून गळत गेला, लिहिण्यात राहिला. १७१२ साली ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टने तक्रार केली होती की लोक क्रियापदांच्या शेवटचे स्वर खाऊन भाषा खडबडीत करताहेत. वेल्ह्याचा मुलगा ‘वॉकेड’ वाचतो तेव्हा तो अक्षरांशी इमान राखतो आणि नकळत स्विफ्टची बाजू घेतो. त्याला ढ म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रतिष्ठित आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा: ‘मराठी आड येते, तिला इंग्रजीच्या तासाला बाहेर ठेवा.’ ज्या भाषेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिथे हे म्हणायला धाडस लागतं. मुलगा ‘बसला’ हा शब्द कसा वाचतो ते ऐका. ‘स’मध्ये ‘अ’ लिहिलेला असतो, पण तो ‘बस्‌ला’ म्हणतो. लिहिलेला स्वर गिळायचा असतो, हे पहिली-दुसरीतच मराठीने त्याला शिकवलेलं आहे. ‘मागतो’ हे तो बोलताना ‘माक्तो’ करतो. पुढच्या कठोर ‘त’ने मागच्या मृदू ‘ग’ला आपल्यासारखं करून घेतलं. ईडीमध्ये घडतं ते याच जातीचं.

फरक दिशेचा आहे आणि तेवढाच शिकवायचा आहे. ‘माक्तो’मध्ये, तसंच आपद् आणि काल मिळून होणाऱ्या ‘आपत्काल’मध्ये पुढचा वर्ण मागच्याला वळवतो. इंग्रजी ईडीत मूळ क्रियापद ठाम राहतं आणि प्रत्यय वळतो. म्हणूनच आपल्या तोंडून ‘वॉग्ड’ निसटतं. नियम सांगायला आपली वर्णमाला पुरेशी आहे. क्रियापद कठोर व्यंजनाच्या आवाजाने संपलं तर ‘ट’, मृदू व्यंजनाने किंवा स्वराने संपलं तर ‘ड’, आणि ट-डनेच संपलं तर मात्र ‘इड’. कठोर-मृदू ठरवायला गळ्यावर दोन बोटं ठेवावीत: ‘म्म्’ म्हणताना गळा थरथरतो, ‘स्स्’ म्हणताना थरथरत नाही. आवाज पाहायचा, अक्षर नाही, एवढं बजावावं. ‘लाफ’च्या स्पेलिंगच्या शेवटी काहीही दिसो, कानाला ‘फ’ येतो, म्हणून ‘लाफ्ट’.

भोर-वेल्ह्याच्या मुलाला यासाठी परकी उदाहरणं नकोत. भाताचं एक वर्ष पुरतं. वर्गात तीन सुपं मांडा. बी भिजवलं, सोक्ट. भात कापलं, रीप्ट. झोडलं, थ्रेश्ट. ही पहिल्या सुपात. नांगरलं, प्लाउड. पाऊस पडला, रेन्ड. धान्य साठवलं, स्टोअर्ड. ही दुसऱ्यात. रोप लावलं, प्लँटिड. तण काढलं, वीडिड. ही तिसऱ्यात. आधी तोंडाने म्हणायचं, चिठ्ठी सुपात टाकायची आणि स्पेलिंग सर्वांत शेवटी दाखवायचं. सुरुवातीला शब्दावर पेन्सिलीने देवनागरीत ‘रीप्ट’ लिहिलं तरी बिघडत नाही. पाय बळावला की काठी आपोआप सुटते. मग एक चिठ्ठी मुद्दाम ‘सीड’ची द्यावी. तिच्याही शेवटी ईडी आहे, पण ते बी आहे, भूतकाळ नव्हे. ती कुठल्याच सुपात न टाकता जो मुलगा परत करतो, त्याला कळलं.

अजून कुणाला शंका असेल तर त्याने भोरच्या बाजारपेठेत तासभर उभं राहावं. तिथे कुणी ‘रिटायरेड मास्तर’ म्हणत नाही, ‘रिटायर्ड’च म्हणतात. ‘लिमिटेड’ आणि ‘अटेस्टेड’मधला स्वर मात्र कुणी गिळत नाही. हे शब्द त्या माणसांनी तक्त्यातून घेतलेले नाहीत, चारचौघांत ऐकून उचलले आहेत. तोच माणूस पुस्तक हातात घेऊन ‘वॉकेड’ वाचतो. त्याची जीभ आधीच शहाणी आहे, शाळेने फक्त तिचं ऐकायला हवं.