कारीट, जांभूळ आणि जिन

2024 साली नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबरला आली. त्याच तारखेला पाश्चात्त्य देशांत हॅलोविन नावाचा भुताखेतांचा सण असतो ही बाब माझ्या भाचीने ध्यानी आणून दिली नसती, तर खडकवासल्याच्या आमच्या घरी तो दिवस उटणे, फराळ आणि दुपारची झोप या पिढीजात शिरस्त्याने निर्वेध पार पडला असता. पहाटे तुळशीवृंदावनापाशी आमच्या सौभाग्यवतींनी, आपल्या माहेरच्या कोकणी रिवाजाला अनुसरून, मला डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयास लावले, त्याचा कडूजहर रस जिभेच्या टोकाला लावावयास लावला, आणि नरकासुराचा एकदाचा निकाल लागला असे समजून मी चहाकडे वळतो तोच फोन वाजला.

"मामा, संध्याकाळी आम्ही पाचजण तिकडे येतोय. धरणाच्या पाण्यापाशी बसू. मी हॅलोविनचं ब्लॅकबेरी-जिन करणार आहे. बाटली, बर्फ, सगळं गाडीत असेल."

"पाण्यापाशी नाही. करायचं तर माझ्या घरी कर."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. स्वयंपाकघरातून जी शांतता ऐकू आली ती मात्र क्षणभराची नव्हती.

माझ्या या आमंत्रणाचे कित्येकांस नवल वाटले, काहींस ते अशोभनीयही वाटले. म्हणून त्यामागची माझी भूमिका जरा विस्ताराने मांडण्याची मुभा मी घेतो. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे हटले, की गोऱ्हे आणि डोणजे यांच्या बाजूचा जो चिखलाचा पट्टा उघडा पडतो, त्यावरून सकाळी अनवाणी चालण्याचा सराव मी काही वर्षांपूर्वी सोडला, कारण त्या चिखलात शिंपल्यांपेक्षा काचा अधिक सापडू लागल्या. कणसे आणि कांदाभजी विकणाऱ्या गाड्यांविषयी माझी काडीमात्र तक्रार नाही. पावसाळी रविवारी त्या गाड्यांभोवती उभा राहणारा पुणेकर हा या गावचा मोसमी पाहुणाच आहे. तक्रार आहे ती अंधार पडल्यावर मोटारीच्या टपावर पेले मांडून बसणाऱ्या, आणि उठताना बाटली पाण्यात भिरकावून तिच्या 'डुबुक' आवाजावर हसणाऱ्या मंडळींविषयी. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचे पाणी ज्या चौथ्या धरणात उतरते आणि तेथून शहराच्या नळांत जाते, ते हे पाणी. खडकवासल्याची स्वतःची साठवण दोन टीएमसीलाही किंचित कमीच. परंतु पुण्याचे बहुतेक घोट या लहानशा पात्रातून गाळून जातात. शहराच्या पिण्याच्या भांड्यात शहरानेच बाटल्या फोडाव्यात, याला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा भाचीच्या त्या पेयाच्या पाककृतीत जिन किती, लिंबू किती, याआधी 'घरी' हा शब्द लिहिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मद्यपान चांगले की वाईट या जुन्या खटल्याची सुनावणी मी येथे घेत नाही. ज्यास पिणे नको त्याने पिऊ नये, हे उत्तम. पण जो पिणारच, त्याने उंबऱ्याच्या आत, प्रमाणाने, वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर प्यावे, हे त्याने बंधाऱ्यावर बसून प्यावे यापेक्षा शतपटीने बरे.

"अहो, पण नरकचतुर्दशीला?" हा सौभाग्यवतींचा आक्षेप अधिक गंभीर होता. त्यावर मी जे उत्तर दिले ते थोडेसे वकिली होते, हे कबूल करतो. आषाढी अमावास्येला दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करावी, असा आपला सुंदर कुळाचार. त्या दिव्यांच्या अवसेची आपणच 'गटारी' केली, तेव्हा कोणा परकीयाने आपला हात धरला नव्हता. शिवाय हॅलोविनचे मूळ पाहू गेले, तर ते आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्ट लोकांच्या साम्हेन नावाच्या हिवाळ्याच्या आरंभीच्या सणात सापडते. त्या रात्री मृतांचा आणि जिवंतांचा पडदा विरळ होतो, अशी त्यांची समजूत, आणि पुढे ख्रिस्ती पंचांगाने त्याला लागूनच 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि 2 तारखेला सर्व मृतात्म्यांचा दिवस नेमला. आपणही धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणाभिमुख दिवा ठेवतो, चतुर्दशीला यमतर्पण करतो, आणि पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून उल्कादर्शन घडवावे असे आपले धर्मग्रंथ सांगतात. त्यांनी आधी सलगम आणि मग अमेरिकेत गेल्यावर भोपळा कोरून त्यात दिवा लावला. आपण कागदाचा आकाशकंदील टांगला. शरदाच्या अखेरीस रात्र वाढू लागली, की माणसाला आपले मेलेले आठवतात आणि तो उजेड करतो, एवढेच त्याचे तात्पर्य. "तात्पर्य राहू द्या, भोपळ्याला सुरी कोण लावणार ते सांगा," असे म्हणून सौभाग्यवती आत गेल्या, आणि अखंड भोपळा बाईने कापू नये या न्यायाने ते काम माझ्याकडे आले. कोरून निघालेल्या गराचे पुढे घारगे झाले. सणातला एकमेव निर्विवाद पदार्थ तोच.

राहता राहिला कायदा. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल आपल्या राज्यावर, नाव बदलून का होईना, आजही आहे, आणि त्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, जिनसारख्या कडक मद्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या गावी असते. या परवान्यांची परंपरा तशी जुनीच. पेशवाईत ब्राह्मण-प्रभूंना आणि सरकारी नोकरांना मद्याची सक्त मनाई होती, पण तोफखान्यातील फिरंगी गोलंदाजांना त्यांच्यापुरती भट्टी लावण्याची सवलत होती. तोफ नीट डागली जावी म्हणून राज्यकर्ते धर्मशास्त्राकडे थोडा कानाडोळा करतात, हे तेव्हापासून चालत आलेले आहे. भाचीने सत्ताविशी ओलांडली आहे. परवान्याची पावती मी मागितली, ती तिने नाराजीने का होईना, दाखवली.

संध्याकाळी पिशवीतून निघाली ती ब्लॅकबेरी मी कुतूहलाने पाहिली. परदेशातून आलेली, प्लास्टिकच्या डबीत शीतपेटीचा घाम फुटलेली, बारा फळे. दिसायला काळी तुती, चवीला पाण्याने धुतलेली आंबटाई. डबीवरची किंमत वाचून सौभाग्यवतींनी डबी उलटी ठेवली. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात या फळाविषयी एक लोकसमजूत आहे: स्वर्गातून हाकलला गेलेला सैतान नेमका ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत पडला, म्हणून मायकेलमसचा सण उलटल्यावर, म्हणजे जुन्या पंचांगाने ऑक्टोबरची 10 तारीख गेल्यावर, ती तोडू नये, कारण तेव्हा सैतान तिच्यावर थुंकलेला असतो. म्हणजे 31 ऑक्टोबरच्या पेल्यात ब्लॅकबेरी घालणे हे त्यांच्याच आज्यांच्या दृष्टीने निषिद्ध! लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल नावाच्या पेयकाराने 1980 च्या दशकात जिन, लिंबू, साखरेचा पाक आणि ब्लॅकबेरीचे गोड मद्य यांचे जे 'ब्रॅम्बल' सिद्ध केले, आणि ज्याची आमच्या भाचीचे पेय ही धाकटी बहीण, त्याच्या नावाचा अर्थही ती काटेरी जाळीच.

"मामा, मग काय घालू?"

मी शीतकपाटाचा वरचा कप्पा उघडला. जूनमध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी पाट्या घेऊन बसणाऱ्या बायांकडून आम्ही दरवर्षी जांभळे घेतो, बिया काढून गर साखर आणि चिमूटभर मीठ घालून आटवतो, आणि बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवतो. मधुमेहाच्या नावाखाली आरंभलेला हा उद्योग साखरेमुळे केव्हाच निरर्थक झाला आहे, पण चव राहिली आहे. ब्लॅकबेरीत जे नाही ते जांभळात आहे, तो म्हणजे तुरटपणा, जिभेला आतून ओढून घेणारा. आणि जिनच्या कडवटपणाला तोलण्यास गोडीपेक्षा तुरटपणाच अधिक उपयोगी, हे मला त्या रात्री कळले. जिनही तशी अगदीच परकी नव्हे. तिचा प्राण ज्या ज्यूनिपरच्या फळात, त्याच्या एका हिमालयी भावंडाला आपले वैद्य हपुषा म्हणतात आणि ते पोटाच्या विकारांवर चूर्णात घालतात. गोव्यात हल्ली जिनच्या ज्या भट्ट्या निघाल्या आहेत त्यांपैकी एकीने आपल्या जिनला नावच 'हपुसा' असे दिले आहे.

आता कृती. कुंपणावरच्या गोकर्णाची दहा निळी फुले, देठ आणि हिरवा भाग काढून, भाचीने जिनमध्ये भिजत घातली. अर्ध्या तासात जिन शाईसारखी निळी झाली. बर्फ फडक्यात गुंडाळून मी वरवंट्याने ठेचला, ओट्यावरच्या त्या आवाजाने शेजारच्या आजींनी "काय कुटताय हो?" असे विचारले, त्याला "बर्फ" एवढेच खरे उत्तर दिले. पेल्याच्या तळाशी जांभळाच्या आटवलेल्या गराचे दोन चमचे, वर काठोकाठ बर्फ, त्यावर निळी जिन 50 मिलिलिटर. काचेत तळाशी काळोख आणि वर निरभ्र आकाश, असे ते चित्र. मग लिंबू. दीड चमचा रस बर्फावरून ओघळला आणि जिथे जिथे तो पोचला तिथे निळा रंग जांभळा होत गेला, वरून खाली, धुरासारखा, बर्फाच्या खड्यांतून वाट काढीत. गोकर्णाच्या रंगद्रव्याला आम्ल लागले की असे होते, हे मला शाळेतल्या लिटमस कागदापासून ठाऊक आहे. तरी पाचही तरुण आणि मी, सगळे वाकून पाहत राहिलो. सौभाग्यवतीही दारात उभ्या होत्या. कवटीचे प्लास्टिकचे चमचे भाचीने आणले होते ते मी नामंजूर केले.

जो मोटार चालवणार होता त्याला जिन वगळून गोकर्णाच्याच पाण्यात तोच खेळ करून दिला. मोटार वाहन कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्याची मर्यादा घातली आहे. आमच्या घराने त्याच्यापुरती ती शून्य ठरवली. इतरांनाही दुसरा पेला मिळाला नाही, कारण जांभूळ संपले. कृतीतील हा दोष मी मुद्दामच दुरुस्त केला नाही.

भोपळ्यात पणती लागली आणि कोणीतरी म्हणाले, आता भुताची गोष्ट. मुंजा, हडळ, चकवा यांच्या गोष्टी मला येतात, पण खडकवासल्यात बसून त्या सांगाव्याशा वाटेनात. मी त्यांना 12 जुलै 1961 ची गोष्ट सांगितली. तेव्हा मी सात वर्षांचा, नारायण पेठेत राहणारा. पानशेतचे नवे धरण, काम पुरे होण्यापूर्वीच भरलेले, सकाळी फुटले. ते पाणी याच जलाशयात येऊन कोसळले, आणि 1879 सालापासून उभा असलेला खडकवासल्याचा दगडी बांध त्याच दिवशी तुटला. आम्हांला वडिलांनी पर्वतीच्या बाजूला पळवले. आठ-दहा दिवसांनी परतलो तेव्हा आमच्या वाड्याच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, चिखलाची एक सरळ रेघ होती, पट्टीने ओढल्यासारखी, आणि तिच्याखाली देवघराचा कोनाडा होता. धरण पुढे पुन्हा बांधून काढले. रेघेवर चुना फासला, पण दर पावसाळ्यात ती ओल धरून वर यायची.

कोणी काही बोलले नाही. खिडकीतून बांधावरचे दिवे दिसत होते आणि त्यापलीकडे पाणी, ज्याच्या काठी ही मुले त्या रात्री बसणार होती. भाचीने आपला पेला, तळाशी थोडे जांभूळ उरलेले, तसाच खाली ठेवला.

सकाळी रिकामी बाटली भंगारवाल्याकडे जायची, म्हणून मी ती बाजूला काढून ठेवली होती. ती दिसेना. शोधता शोधता स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडली: चिठ्ठी भिजवून काढलेली, स्वच्छ विसळलेली, पाण्याने भरलेली, आणि तीत सौभाग्यवतींनी मनीप्लँटची फांदी खोचली होती.